हातचं राखून

२६ जुलै १६०९. लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठावर सायन हाउस नावाचा एक वाडा आहे, आजही आहे. त्याच्या आवारात राहणारा, पन्नाशीला टेकलेला एक माणूस त्या रात्री नऊच्या सुमाराला एका नळीतून पाच दिवसांच्या चंद्राकडे बघत होता. नळीतून सगळं सहापट मोठं दिसायचं. त्यानं कागदावर एक वर्तुळ काढलं, उजेड आणि अंधार यांच्या मधली वाकडीतिकडी रेघ काढली, थोडा भाग गडद केला, तारीख आणि वेळ लिहिली. मग तो कागद बाकीच्या कागदांत ठेवून दिला.

दुर्बिणीतून बघून काढलेलं चंद्राचं आपल्याला माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं चित्र. (तारीख इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची, आजच्या हिशेबानं ५ ऑगस्ट.) गॅलिलिओनं चंद्राची चित्रं काढली ती त्यानंतर जवळपास चार महिन्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी. पण गॅलिलिओचं पुस्तक मार्च १६१० मध्ये छापून आलं आणि युरोपभर गाजलं. सायन हाउसमधला कागद मात्र पावणेदोनशे वर्षं गठ्ठ्यातच राहिला.

त्या माणसाचं नाव थॉमस हॅरियट. मी त्याच्यापर्यंत चंद्रामुळे पोचलो नाही, बायनरीमुळे पोचलो. इंजिनिअरिंगला आम्हाला शिकवलं होतं की शून्य आणि एक एवढ्या दोनच अंकांवर चालणारी अंकपद्धती लायब्नित्सची. त्यानं ती १७०३ मध्ये मांडली. एका रात्री ऑफिसचं काम टाळत असताना हॅरियटच्या हस्तलिखितातलं एक पान स्क्रीनवर आलं. त्यावर शून्य आणि एक यांच्या रांगा होत्या. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार. तारखेनं बघितलं तर लायब्नित्सच्या जन्माच्याही आधीचं पान. मी झोपायचं सोडून त्या माणसाच्या मागे लागलो.

मागे लागल्यावर यादी वाढतच गेली. सूर्यावरच्या डागांची सुमारे दोनशे चित्रं, डिसेंबर १६१० पासून. गुरूच्या चंद्रांची निरीक्षणं. १६०७ च्या धूमकेतूच्या नोंदी. तो म्हणजे आपला हॅलेचा धूमकेतू, आणि पुढे दोनशे वर्षांनी बेसेलनं त्या धूमकेतूची कक्षा काढताना याच नोंदी वापरल्या. गोलावर काढलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ कसं काढायचं, हे त्यानं १६०३ मध्ये सोडवलं होतं. आज ते सूत्र ओळखलं जातं जिरार्डच्या नावानं, कारण जिरार्डनं १६२९ मध्ये छापलं. तोफेचे गोळे रचले तर ढिगात किती मावतात, हा प्रश्न त्याच्याकडे वॉल्टर रॅलीकडून आला. त्यातून गोलांच्या सगळ्यात घट्ट रचनेचा विचार सुरू झाला आणि पत्रांतून केपलरपर्यंत गेला. केपलरनं त्यावर केलेला अंदाज सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं.

यातलं हॅरियटनं स्वतः किती छापलं? गणितातलं आणि खगोलातलं, काहीही नाही. हयातीत त्याचं एकच पुस्तक निघालं आणि ते अमेरिकेतल्या एका किनाऱ्याबद्दल होतं. त्याकडे येतोच.

हॅरियटवरचे लेख बहुतेक इथं हळहळतात. बिचारा, छापलं असतं तर आज गॅलिलिओच्या रांगेत असता, वगैरे. मला ही हळहळ फारशी पटत नाही. प्रसिद्धी त्याची होती, त्यानं ती घेतली नाही, विषय संपला. त्याला अन्नाची ददात नव्हती. नॉर्थम्बरलंडचा नववा अर्ल हेन्री पर्सी त्याला दरसाल पैसे देत होता, राहायला घर देत होता, आणि बदल्यात 'या तिमाहीत काय केलंस' असं विचारत नव्हता. अशी नोकरी मिळाली तर माझ्या ओळखीतले निम्मे लोक उद्या राजीनामा देतील. अशा माणसाला नाव नको असेल, तर तो त्याचा प्रश्न.

मला अडतं ते दुसऱ्या ठिकाणी. कुणीतरी त्याचं दार वाजवलं होतं.

ते दार वाजवणारा म्हणजे योहानेस केपलर. केपलर तेव्हा प्रागमध्ये सम्राटाचा गणिती होता. त्याची अडचण अशी. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना वाकतो. किती वाकतो? कोन वाढवला की वाकणंही वाढतं, पण सरळ प्रमाणात नाही. टॉलेमीच्या काळापासून लोक मोजमापांचे तक्ते करत होते, नियम सापडत नव्हता. आणि हा काही रिकामटेकडा प्रश्न नव्हता. ताऱ्यांचा प्रकाश वातावरणातून येताना असाच वाकतो. क्षितिजाजवळचा तारा आहे त्यापेक्षा वर दिसतो. सूर्य मावळल्यावरही थोडा वेळ दिसत राहतो. केपलर ज्या ग्रहांच्या कक्षा काढत होता, त्या मोजमापांत हे वाकणं मिसळलेलं होतं. त्यानं १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हा नियम शोधण्यासाठी एकामागून एक युक्त्या करून पाहिल्या. हाताला लागलं ते जवळपासचं काहीतरी, नेमकं नाही.

हॅरियटला तो नियम साधारण १६०१-०२ मध्येच सापडला होता. किरण ज्या कोनानं येतो त्याचा साइन आणि वाकल्यावरच्या कोनाचा साइन, यांचं गुणोत्तर एका पदार्थासाठी कायम असतं. हवेतून पाण्यात जाताना ते १.३३ च्या आसपास. दहावीच्या पुस्तकात 'प्रकाशाचे अपवर्तन' या धड्यात आपण हे स्नेलचा नियम म्हणून पाठ केलेलं आहे. स्नेलला तो सापडला १६२१ च्या सुमाराला, त्यानंही छापला नाही. छापला देकार्तनं, १६३७ मध्ये. (त्याही आधी, दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सहलनं भिंगांवर लिहिताना हेच नातं वापरलं होतं. हा नियम म्हणजे वारंवार सापडून वारंवार हरवणारी किल्ली आहे.)

१६०६ मध्ये केपलरनं हॅरियटला पत्र लिहिलं. इंग्लंडमध्ये या विषयात खोल उतरलेला कुणी आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. हॅरियटनं उत्तर दिलं, आणि ते उत्तर हाच माझा सगळा लेख आहे. त्यानं केपलरला तक्ता पाठवला. वेगवेगळ्या पदार्थांत प्रकाश किती वाकतो, त्याचे आकडे. आकडे उत्तम होते, केपलरकडे होते त्यापेक्षा चांगले. नियम मात्र पाठवला नाही. तब्येत बरी नाही, सविस्तर लिहिता येत नाही, असं कळवलं. आणि जोडीला एक अलंकारिक वाक्यही: मी तुम्हाला निसर्गाच्या वाड्याच्या दाराशी आणून सोडलं आहे, दार अरुंद वाटलं तर स्वतःला आक्रसून अणूएवढे व्हा, आत जा, आणि बाहेर आल्यावर काय काय नवल पाहिलंत ते मला सांगा. अशा अर्थाचं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुंदर वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना राग आला. अरे, तू आतून आलायस! नकाशा तुझ्या खिशात आहे!

मराठीत याला 'हातचं राखून' म्हणतात. आमच्या शेजारच्या काकू गोड्या मसाल्याची कृती मागेल त्याला सांगायच्या, अगदी वहीत लिहून द्यायच्या. पण कुणाचाच मसाला त्यांच्यासारखा व्हायचा नाही, कारण दगडफूल सांगायचं दर वेळी 'राहून' जायचं. काकूंनी खोटं कधीच सांगितलं नाही. हॅरियटनंही नाही.

पत्रं १६०९ पर्यंत अधूनमधून चालली. केपलरला कारण हवं होतं. तो अणूंवरून वाद घालत राहिला, पुन्हा पुन्हा विचारत राहिला. नियम गेला नाही. १६११ मध्ये केपलरनं भिंगांवर पुस्तक लिहिलं, दुर्बिणीचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. त्यात त्यानं काय वापरलं? लहान कोनांपुरतं चालणारं अंदाजी प्रमाण. केपलर १६३० मध्ये वारला. नेमका नियम छापलेला त्यानं कधीच पाहिला नाही.

'कुणालातरी सापडलाच असता' हा युक्तिवाद मला माहीत आहे. सापडलाच. पण १६०६ ते १६३७ ही एकतीस वर्षं रिकामी नव्हती, त्यात माणसं जगत होती आणि त्यांतली काही मेली. इतिहासाला फरक पडला नसेल. केपलरला पडला.

आता माझी गोष्ट. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, हे मला मान्य आहे. पण हॅरियटचं उत्तर वाचून राग आला तो थोडा स्वतःचाच होता, म्हणून सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये आम्ही तारीख-वेळ हाताळणारा एक खुला कोड वापरत होतो. असा कोड जगात कुणीतरी लिहून ठेवतं, तो फुकट वापरता येतो, आणि चूक सापडली तर दुरुस्ती परत पाठवावी अशी रीत आहे. सक्ती नाही, रीत. त्या कोडमध्ये एका कोपऱ्यात असं धरून चाललं होतं की दोन देशांच्या घड्याळांतला फरक पूर्ण तासांचाच असतो. भारताचा फरक साडेपाच तासांचा. वरचा अर्धा तास गळून जायचा, त्यामुळे रात्री बारा ते साडेबारा या वेळेतले व्यवहार आमच्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवशी जमा व्हायचे. चूक शोधायला मला चार दिवस लागले. दुरुस्ती होती तीन ओळींची. मी ती आमच्या ऑफिसमधल्या प्रतीत केली आणि पुढे गेलो.

परत का पाठवली नाही? ऑफिसातून बाहेर कोड पाठवायचा तर एक फॉर्म होता, मॅनेजरची सही, मग कायदा विभागाची मंजुरी. कंटाळा केला. हे खरं कारण आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगायला लाज वाटते: ती चूक माझ्या एकट्याच्या ओळखीची आहे, याची मला मजा वाटत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काही महिन्यांनी त्या कोडच्या चर्चेच्या पानावर काठमांडूच्या एका मुलानं प्रश्न विचारला. नेपाळचा फरक पावणेसहा तासांचा. तो एका छोट्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं ॲप करत होता आणि पेशंटना मेसेज जात होते ते पाऊण तास आधीच्या वेळेचे. मी उत्तर दिलं. सगळ्या वेळांत पंचेचाळीस मिनिटं मिळव, असं सांगितलं. त्यानं आभार मानले. आठवड्यानं परत आला: वेळा बरोबर येतात, पण मध्यरात्रीच्या आसपास तारखा चुकतात, हे नेमकं कशामुळे होतंय? कशामुळे होतंय ते मला अक्षरशः ओळ क्रमांकासकट माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे दुरुस्ती दाखवायची, आणि दुरुस्ती दाखवायची म्हणजे फॉर्म. मी ती खिडकी बंद केली. नंतर सांगू म्हटलं.

मी त्याला तक्ता पाठवला होता.

आता हॅरियटच्या बाजूनं. कारण फॉर्म भरायचा कंटाळा आणि त्याची भीती यांची तुलनाच होऊ शकत नाही.

हॅरियट साधारण १५६० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या भागात जन्मला, तिथेच शिकला, १५८० मध्ये पदवी घेतली आणि वॉल्टर रॅलीच्या पदरी लागला. रॅली म्हणजे राणी एलिझाबेथच्या मर्जीतला, जहाजं पाठवणारा, स्वप्नं विकणारा माणूस. हॅरियटचं काम त्याच्या कप्तानांना सूर्य-ताऱ्यांवरून जहाज कुठं आहे ते काढायला शिकवणं. हे ज्ञान म्हणजे धंद्याचं गुपित होतं. स्पेनच्या हाती पडू नये असं. म्हणजे गप्प राहण्याची सवय त्याला पहिल्या नोकरीतच लागली. पहिल्या नोकरीत लागलेल्या सवयी जात नाहीत, हे मी सांगायला नको.

मग १५९२ मध्ये एका जेझुइट पाद्र्यानं रॅलीवर पत्रक काढलं: याच्या घरी नास्तिकांची शाळा भरते आणि तिचा मास्तर एक जादूटोणा करणारा आहे. रोख हॅरियटवर होता. पुढच्या वर्षी नाटककार मार्लोवर नास्तिकपणाचे आरोप झाले, त्या कागदात हॅरियटचं नाव आलं. मार्लोचा त्याच सुमाराला खून झाला. १६०० मध्ये रोममध्ये जिओर्दानो ब्रूनोला जाळलं. १६०३ मध्ये रॅलीवर राजद्रोहाचा खटला होऊन तो लंडनच्या टॉवरमध्ये गेला. दुसरा आधार अर्ल पर्सी. ४ नोव्हेंबर १६०५ ला अर्लचा एक नातेवाईक टॉमस पर्सी सायन हाउसवर जेवायला आला होता. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटखाली दारूगोळा सापडला आणि कळलं की हा टॉमस त्या कटात आहे. अर्ल टॉवरमध्ये गेला तो १६२१ पर्यंत सुटला नाही. हॅरियटलाही पकडून गेटहाउस तुरुंगात टाकलं. राजाची कुंडली मांडली होती का, अशी चौकशी झाली. तो आजारी होता. मी राजकारणात कधी पडलो नाही, मला माझा अभ्यास करू द्या, अशा अर्थाची विनवणी त्यानं केली. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही, तो सुटला.

आणि एक वर्ष होत नाही तोच केपलरचं पत्र आलं. परदेशातून, सम्राटाच्या दरबारातून. त्या पत्रात विषय काय आहे हे राजाच्या माणसांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसणार की टॉवरमधल्या दोन राजद्रोह्यांचा माणूस परदेशी पत्रव्यवहार करतोय. १६०८ मध्ये त्यानं केपलरला कळवलं की आमच्याकडे मोकळेपणानं विचार मांडण्याजोगी परिस्थिती नाही, आम्ही अजून चिखलात रुतलेले आहोत. हे वाचल्यावर माझा राग बराचसा ओसरला.

सगळा मात्र ओसरला नाही. कारण भीती होती ती अणूंची, कोपर्निकसची, आत्म्याची, देवाची. साइनच्या गुणोत्तरासाठी कुणी कुणाला जाळत नव्हतं. त्यानं आकडे पाठवले तेव्हा धोका पत्करलाच होता. आणखी एक ओळ लिहिली असती तर धोका तेवढाच राहिला असता. भीती असलेल्या माणसाला गप्प राहायची सवय लागते आणि मग जिथं भीती नाही तिथंही ती भीतीचंच नाव सांगते. माझ्या फॉर्मसारखं.

त्याचा मित्र विल्यम लोअर वेल्समधून दुर्बीण लावून बसायचा. चंद्र त्याला कसा दिसला? त्याच्या स्वयंपाक्यानं गेल्या आठवड्यात केलेल्या गोड पायसारखा, कुठं उजळ रेघ, कुठं गडद. (चारशे वर्षांत चंद्राचं याहून प्रामाणिक वर्णन मी वाचलेलं नाही.) १६१० मध्ये लोअरनं हॅरियटला पत्रातून चांगलं झापलं: तुमचे शोध रोज कुणी ना कुणी आपल्या नावावर नेतंय, हे बघून तुम्हाला काहीच होत नाही का? प्रेमानं लिहिलेलं पत्र आहे. पण लोअरलाही दुखत होतं ते श्रेय. म्हणजे मित्राचा मुद्दासुद्धा 'तुमचं गेलं' हाच, 'त्यांना मिळालं नाही' हा नाही.

श्रेयासाठी लपवणं वेगळं. गॅलिलिओ ते करायचा. १६१० मध्ये शनीभोवती काहीतरी विचित्र दिसल्यावर त्यानं एका वाक्याची अक्षरं उलटसुलट करून केपलरकडे पोचवली, म्हणजे शोध आपला ठरावा पण कुणाला कळू नये. केपलरनं डोकेफोड करून त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचं वाक्य काढलं. चुकीचं होतं. बिचारा केपलर! दोन्हीकडून त्याच्याच वाट्याला कोडी. पण गॅलिलिओचं कोडं काही महिन्यांत त्यानं स्वतःच उलगडलं. लोभी माणूस शेवटी मूठ उघडतो, कारण उघडल्याशिवाय त्याला काही मिळत नाही. ज्याला काहीच नको असतं, त्याची मूठ उघडायला काही कारणच उरत नाही. निरिच्छपणाला आपण सरसकट सद्गुण म्हणतो, त्याची ही बाजू मला हॅरियट वाचेपर्यंत सुचली नव्हती.

आता त्याचं ते एकमेव पुस्तक. ते सोडून दिलं तर सगळं फार सोपं होतं: छापणं चांगलं, लपवणं वाईट.

१५८५ मध्ये रॅलीनं अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करायला माणसं पाठवली. रोआनोक बेट, आजच्या नॉर्थ कॅरोलायनात. आदल्या वर्षी तिथून दोन माणसं इंग्लंडला आणली होती, मॅन्टिओ आणि वानचीज. पंचविशीतला हॅरियट त्यांच्याबरोबर बसून त्यांची भाषा शिकला, त्या भाषेचे आवाज लिहिण्यासाठी त्यानं नवी लिपी बनवली, आणि मोहिमेबरोबर गेला. वर्षभर तो गावोगाव फिरला. १५८६ मध्ये सगळे घाईत परत निघाले तेव्हा नाव हलकी करायला खलाशांनी बरेच कागद समुद्रात फेकले. १५८८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तिथं काय पिकतं, कोणतं लाकूड मिळतं, मासे कोणते, तंबाखू कशी गुणकारी, लोक कसे राहतात. वर्णन बारीक आहे, लोकांविषयी आदरही आहे. पण पुस्तक लिहिलं होतं गुंतवणूकदारांसाठी. आजच्या भाषेत पिच डेक.

त्यात एक उतारा आहे. इंग्रज ज्या गावांत जाऊन आले तिथं काही दिवसांत लोक मरायला लागले. कुठं वीस, कुठं चाळीस, कुठं साठ, एका गावात एकशेवीस. आजार त्या लोकांना अनोळखी होता. इंग्रजांना काही झालं नाही. हॅरियटनं हे नीट मोजून लिहिलं, जसं तो सगळं मोजायचा. आपल्या काही माणसांनी शेवटी शेवटी जरा जास्तच क्रूरपणा केला, माणसं मारली, हेही लिहिलं. आणि पुस्तकाचा निष्कर्ष तरीही: या, जमीन चांगली आहे. दोन वर्षांनी ते चित्रांसह चार भाषांत निघालं.

म्हणजे जे बाहेर आलं ते मालकाला हवं होतं म्हणून आलं आणि ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्या काही भल्याचं ठरलं नाही. जे केपलरला हवं होतं ते राहिलं. रोआनोकच्या लोकांनी हॅरियटला काही विचारलं नव्हतं असंही नाही. तो लिहितो की आजार का येतोय याबद्दल ते तर्क करायचे. त्याच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, तेव्हा कुणाकडेच नव्हतं. म्हणून 'ज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं' असं कुणी टाळ्यांसाठी म्हणालं की मी हल्ली विचारतो, कुणी मागितलेलं? माझ्या मते माणूस जगाला काही देणं लागत नाही. पण ज्यानं नाव घेऊन विचारलं, आणि ज्याचं उत्तर आपल्यापाशी आहे, त्याला लागतो. त्याला अर्धं देणं हे काही न देण्यापेक्षा मला वाईट वाटतं, कारण मिळालं असं वाटून तो दुसरीकडे विचारायचा थांबतो.

पुढचं थोडक्यात. रॅलीचं डोकं २९ ऑक्टोबर १६१८ ला उडवलं. वधस्तंभावरच्या त्याच्या भाषणाचं टिपण हॅरियटच्या कागदांत सापडतं. हॅरियटला नाकाचा कर्करोग होता. २ जुलै १६२१ ला तो लंडनमध्ये वारला. त्याला पुरलं ते चर्च १६६६ च्या आगीत जळालं. आता त्या जागेवर बँक ऑफ इंग्लंड आहे. मरण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्यानं मृत्युपत्र सांगितलं. त्यात, सगळं आयुष्य मूठ झाकून बसलेला हा माणूस म्हणतो की माझे गणिताचे कागद नॅथॅनियल टॉर्पर्ली यांनी चाळावेत, महत्त्वाचे निवडावेत, लोकांसमोर आणावेत. टॉर्पर्लीच्या हातून ते झालं नाही. १६३१ मध्ये वॉल्टर वॉर्नरनं बीजगणिताचं एक पुस्तक काढलं. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही आपली रोजची चिन्हं छापील पानावर पहिल्यांदा त्यात आली. पण हॅरियटनं ऋण आणि काल्पनिक उत्तरंही धीटपणे मांडली होती. ती संपादकानं गाळली. टॉर्पर्ली भडकला, त्यानं त्या पुस्तकावर टीका लिहायला घेतली. दुसऱ्यानं उघडलेली मूठ अशीच उघडते.

१७८४ मध्ये फ्रान्झ झेवर फॉन झाख नावाच्या खगोलज्ञाला पर्सी घराण्याच्या वारसांच्या पेटवर्थ हाउसमध्ये ते गठ्ठे सापडले. त्यानं मोठा गाजावाजा केला. ऑक्सफर्डनं छापायचं मनावर घेतलं. कागद तपासले, आणि छापण्याजोगं काही नाही म्हणून परत केले. आता ब्रिटिश लायब्ररीत त्यांचे आठ खंड आहेत आणि पानं इंटरनेटवर बघता येतात, म्हणून तर मी ती रात्री दोन वाजता अंथरुणात फोनवर बघू शकलो.

त्याच आठवड्यात मी फॉर्म भरला. वीस मिनिटं लागली. मंजुरी यायला नऊ दिवस. तीन ओळींची दुरुस्ती पाठवली, ती लागलीही. मग काठमांडूच्या त्या मुलाचा जुना प्रश्न शोधला, खाली नेमकी ओळ आणि कारण लिहिलं, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आभार मानले होते, अंगठाही दिला होता. तारखा जमत नाहीत म्हणून दवाखान्यानं ते ॲप वर्षभरापूर्वीच बंद केलं, असं त्यानं लिहिलं होतं. तिथे आता परत वहीत नोंदी करतात.